तुम्ही ‘अरे’ म्हणालात. त्याने म्हटलं तर?

सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर रोज घडणारा प्रसंग. साठी उलटलेला एक माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कागद आत सरकवतो. आतून नजर वर न करता प्रश्न येतो, “काय आहे?” तो सांगतो. “रेशनकार्डाची झेरॉक्स कुठाय? जा, घेऊन ये.” तो झेरॉक्स काढून आणतो, पुन्हा रांग धरतो, तेव्हा कळतं की स्वयंघोषणापत्रही लागतं. तेवढ्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले कुणीतरी मागच्या दाराने थेट आत येतात आणि त्याच टेबलावरून शब्द येतात, “या या साहेब, बसा ना. चहा सांगू?”

त्या कर्मचाऱ्याला सौजन्य येत नाही, असं म्हणायची सोय नाही. त्याला ते उत्तम येतं. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे फक्त त्याच्या मनात पक्कं बसलेलं आहे. सौजन्याचा विषय निघाला की आपण ‘हल्ली संस्कारच राहिले नाहीत’ असं म्हणून मोकळे होतो. मला हे निदान चुकीचं वाटतं. आपल्याकडे सौजन्य भरपूर आहे, पण ते खालून वर वाहतं. एखाद्या कार्यक्रमाला जा. व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ मिळतो, नावामागे विशेषणांची माळ लागते. पहाटेपासून मांडव घालणाऱ्याचं, खुर्च्या लावणाऱ्याचं, माईक सांभाळणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. त्याला हाक मारायची ती “ए, आवाज वाढव रे” अशी.

हा आजचा दोष नाही. 1779 साली मुंबईच्या इंग्रज सरकारने एक हुकूम काढला होता: सोनारांनी अभिवादन करताना ‘नमस्कार’ हा प्रकार वापरायचा नाही. तो हक्क आमचा, अशी ब्राह्मणांची तक्रार होती आणि पुण्याच्या दरबाराने ती वारंवार मुंबईकडे पोहोचवली होती. एका साध्या अभिवादनावरून दोन सत्तांमध्ये पत्रव्यवहार झाला! महार समाजाने वरच्या जातींपुढे ‘जोहार’ म्हणायचं, हीही ठरलेली रीत होती. म्हणूनच आंबेडकरी चळवळीत ‘जय भीम’ आला तेव्हा त्याचं मोल केवळ नव्या शब्दाएवढं नव्हतं. दोन माणसं एकमेकांना तोच शब्द म्हणतात, त्याच आवाजात. कोण आधी म्हणतो आणि कोण उत्तर देतो, यावरून कुणी मोठा-लहान ठरत नाही. अभिवादनासाठी जिथे इतकी मोठी लढाई झाली, त्या महाराष्ट्रात तरी ‘अहो, ही किरकोळ गोष्ट आहे’ असं कुणी म्हणू नये.

मराठीत सौजन्य क्रियापदात राहतं. ‘आभारी आहे’ हे घरात कुणी म्हणत नाही. ते पत्राच्या शेवटी शोभतं. पण ‘दे’, ‘दे ना’, ‘द्या’, ‘देता का जरा’, ‘द्याल का’ या पाच पायऱ्यांत किती तरी गोष्टी सांगून होतात. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कुणी दारात आलं की कामाचं विचारायच्या आधी पाण्याचं विचारतो. मराठी भाषा रांगडी आहे, तिच्यात अदब नाही, ही समजूत अगदी वरवरची आहे.

मग ‘तू’ म्हणणं वाईट का? आईला आपण सगळेच ‘अगं’ म्हणतो, विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो. मालवणी बोलणाऱ्यांत वडीलधाऱ्यांनाही ‘तू’ सहज ऐकू येतं आणि त्यात अनादर नसतो. तेव्हा दोष शब्दात नाही. तपासायचं ते एवढंच: उलटं चालेल का? मी रिक्षावाल्याला ‘ए, थांब’ म्हटलं आणि त्याने मला ‘ए, सुट्टे काढ’ म्हटलं, तर मला राग येईल का? येणार असेल तर माझी हाक उद्धट होती. पंचविशीतला डॉक्टर सत्तरीच्या बाईला ‘आजी, तोंड उघड’ म्हणतो. त्याच्या स्वतःच्या आजीला कुणी अनोळखी तरुणाने असं म्हटलेलं त्याला चालेल का? आपुलकी म्हणून नातं जोडायचं असेल तर जरूर जोडावं. मावशी, मामा, दादा, ताई हे आपल्या भाषेचं वैभव आहे. पण नात्यासोबत ‘अहो’ ठेवावं. ‘अहो आजी, जरा तोंड उघडता का’ म्हणायला एक श्वास जास्त लागतो, तेवढाच.

दोन्ही बाजूंनी चालणारं सौजन्य कसं असतं हे बघायला लांब जायला नको. पंढरीच्या वारीत प्रत्येकजण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. ऐंशी वर्षांचा वारकरी विशीतल्या मुलाच्या पाया पडतो, तो मुलगाही लगेच वाकतो. हाक एकच असल्यामुळे रस्ता मागणं, पाणी मागणं, ‘माउली, पाय लागला’ म्हणणं, सगळं तिच्यात बसतं. लाखो माणसं अरुंद रस्त्यावरून पंधरा-वीस दिवस चालतात, त्यात या एका शब्दाचा वाटा मोठा आहे.

दुसरं उदाहरण मुंबईच्या लोकलचं. तिथे गोड बोलायला कुणाला सवड नसते, पण नियम पक्के असतात. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकण्यापुरती जागा द्यायची. उभा असलेला बसलेल्याला विचारतो, “कुठे?” उत्तर येतं, “ठाणे.” झालं, ठाण्याला ती जागा त्याची, आणि तिसरा कुणी मध्ये घुसला तर आजूबाजूचेच त्याला अडवतात. आत शिरलेल्याची बॅग हातोहात रॅकवर जाते. अनेक ग्रुपमध्ये बसलेले अर्ध्या वाटेवर उठून उभ्या असलेल्यांना बसायला देतात. ‘कृपया’ नाही, ‘धन्यवाद’ नाही, तरी हे सौजन्यच आहे, कारण समोरच्याला हवी ती माहिती नेमकी मिळते: जागा कधी रिकामी होणार.

माझ्या मते कामाच्या ठिकाणचं सौजन्य म्हणजे सगळ्यात आधी माहिती. समोर उभ्या असलेल्या माणसाचा वेळ माझ्या वेळेइतकाच मोलाचा आहे हे कबूल केलं, की मी कोण, तुमचं काम कुठवर आलं, किती वेळ लागेल, न झाल्यास कुणाकडे जायचं, हे त्याने विचारायच्या आधी सांगावंसं वाटतं. हे सांगितलं नाही तर गोड हसूही फुकट जातं.

दुपारी खिडकीवर ‘लंच टाईम’ अशी पाटी लागते. त्यातून काय कळतं? आतला माणूस जेवतोय, इतकंच. त्याऐवजी लिहावं: ‘जेवणाची सुट्टी 1.30 ते 2. पुढचं काम टोकन 41 पासून. टोकन असलेल्यांनी रांगेत उभं राहू नये.’ तीन वाक्यं. पण ती वाचून बाईमाणूस बाहेर सावलीत बसू शकते, मधुमेह असलेला दोन घास खाऊन येऊ शकतो, आणि दोन वाजता खिडकीवर झुंबड उडत नाही. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ यापेक्षा ‘साहेब आज येणार नाहीत; सही उद्या 11 नंतर; तोवर कागद आवक टेबलावर देऊन पोच घ्या’ हे कितीतरी सौजन्याचं. त्यात एकही गोड शब्द नाही. पुणेरी पाट्यांचं आपण कौतुक करतो, त्यातली भाषेची धार खरोखर दाद देण्याजोगी असते. पण ज्या पाटीत फक्त ‘हे करू नका’ असतं आणि ‘मग काय करा’ नसतं, ती पाटी वाचणाऱ्याला अडवून ठेवते.

“शंभर माणसं रांगेत असताना नमस्कार-चमत्कार करत बसू का?” हा आक्षेप खिडकीमागून नेहमी येतो आणि तो प्रामाणिक असतो. म्हणून हिशोबच मांडू. शंभर माणसं, प्रत्येकाला दहा सेकंद जास्त, म्हणजे ‘नमस्कार, बोला’ आणि शेवटी ‘तीन कागद पूर्ण आहेत, एक बाकी आहे’. एकूण हजार सेकंद, सतरा मिनिटांच्या आत. आता दुसरी बाजू. कागदांची यादी बाहेर लावलेली नाही, म्हणून शंभरातली तीस माणसं अपुरे कागद घेऊन खिडकीपर्यंत पोहोचली असं धरू. प्रत्येकाशी दोन मिनिटं घालवून परत पाठवायचं, म्हणजे एक तास गेला. शिवाय ती तीस उद्या पुन्हा रांगेत. वर ‘साहेब कधी येणार’ हा प्रश्न दर पाच मिनिटांनी. सतरा मिनिटं वाचवायला निघून तास-दीड तास घालवायचा, असा हा व्यवहार आहे. एका वेळी सगळे कागद तपासून जे जे कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. एक-एक त्रुटी काढून माणसाला तीन हेलपाटे घालायला लावायचे नाहीत. खिडकीवरचं सर्वात मोठं सौजन्य कुठलं असं विचारलं तर मी हेच सांगेन.

यातलं बरंचसं आपल्याकडे कायद्यात आलेलंच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 हा तो कायदा. अर्ज घेतला की पोच द्यायची. तिच्यावर अर्जाचा क्रमांक, तारीख, ठिकाण आणि काम किती दिवसांत होईल तो कालावधी हवा. कोणती सेवा किती दिवसांत, ती देण्याची जबाबदारी असलेला म्हणजे पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हे फलकावर लावायचं. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. त्याआधीच्या, सरकारी कामातली दिरंगाई रोखण्यासाठीच्या 2005 च्या कायद्यात साधी फाईल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये असं म्हटलं आहे. म्हणजे कायद्याने समोरच्याच्या वेळेचा मान राखणं हे कर्तव्य ठरवलं आहे. तरी पोच मागितली की ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ असं ऐकावं लागतं. पोच मागणं हा अविश्वास नाही, आणि ती न मागता देणं हे उपकार नाहीत.

हॉस्पिटलमध्ये याच छोट्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासयादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्याआधी, अशा तीन टप्प्यांवर थांबून ती मोठ्याने वाचायची. चीर देण्याआधीचा एक मुद्दा असा: खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. सर्जनपासून नर्सपर्यंत सगळ्यांनी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीतलंही एक होतं. 2009 मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, गुंतागुंतीचं 11 वरून 7 वर. हे श्रेय अख्ख्या यादीचं आहे, एकट्या नाव सांगण्याचं नाही. पण नाव सांगणं त्यात का घातलं, हे समजण्याजोगं आहे. ज्याने एकदा तोंड उघडून स्वतःचं नाव सांगितलं, त्याला पुढे ‘सर, रक्त टिपायचा एक स्पंज कमी भरतोय’ हे सांगणं सोपं जातं. ज्याला ‘ए’ म्हणून हाक मारली जाते, तो गप्प राहतो.

इस्राएलमध्ये झालेला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग हेच दुसऱ्या टोकाकडून दाखवतो. नवजात अतिदक्षता विभागातल्या 24 पथकांना सरावासाठी रचलेल्या प्रसंगात आजारी बाळावर उपचार करायला सांगितलं. काही पथकांना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने थोडं तुसडेपणाने ऐकवलं, बाकीच्यांना नाही. ज्यांनी टोमणे ऐकले, त्यांचं निदानही कमी पडलं आणि हातचं कामही. का, तर त्यांनी एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी केलं.

ओपीडीत हे कसं दिसायला हवं? डॉक्टरने पडदा ओढावा, आपलं नाव सांगावं. इंग्लंडमधल्या केट ग्रेंजर या डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या रुग्ण म्हणून दाखल झाल्या, तेव्हा आपल्याजवळ येणारे कित्येकजण नावही सांगत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि 2013 मध्ये त्यांनी ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याच वाक्याची मोहीम सुरू केली. आपल्याकडे तपासणीआधी ‘पोटावर हात ठेवतोय, हात गार आहे’, सुई टोचण्याआधी ‘आता टोचतेय, हात हलवू नका’ इतकं सांगितलं तरी रुग्ण दचकत नाही, शीर निसटत नाही, दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही. रुग्णासमोर त्याच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं असेल तर नंतर दोन वाक्यं मराठीत त्यालाही सांगायची. नातेवाइकांना ‘बाहेर थांबा’ म्हणताना ‘अर्ध्या तासाने मी स्वतः येऊन सांगतो’ हेही जोडायचं आणि खरंच यायचं. हॉस्पिटलांत वाद पेटतात तेव्हा त्यामागे अनेकदा तासन्‌तास कुणीच काही न सांगणं असतं.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. सौजन्य म्हणजे भीड नव्हे. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्याकडे म्हणतातच. 25 जानेवारी 1990 ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान खराब हवामानामुळे आकाशात तासाभरापेक्षा जास्त घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत होतं. वैमानिकांनी नियंत्रकांना ‘प्राधान्य’ मागितलं, ‘इंधन संपत चाललंय’ असं म्हटलं, पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. विमान पडलं आणि 158 पैकी 73 जण गेले. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून गरजेची गोष्ट मवाळ करून सांगणं हे त्याच्यावरही अन्याय करणारं आहे, कारण निर्णय घ्यायला लागणारी माहिती त्याला मिळत नाही. आपल्या ऑफिसांत ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘होईल सर’ हे याच जातीतलं. काम शुक्रवारपर्यंत होणार नसेल तर सोमवारीच ‘शुक्रवारी होणार नाही, बुधवारी देतो, हे कारण’ असं सांगणारा माणूस मला जास्त सभ्य वाटतो.

तसंच पाठ केलेल्या गोडव्याचं. ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला की पलीकडून चार वेळा ‘आपल्याला झालेल्या असुविधेसाठी आम्ही दिलगीर आहोत’ येतं आणि तक्रारीचा क्रमांक मात्र मागून घ्यावा लागतो. बोलणाऱ्याचा दोष नाही. वाक्य त्याच्या हातात दिलेलं असतं, अधिकार दिलेला नसतो. रस्ता खोदून ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा फलक लावतात. माफीच मागायची तर काम कसलं, कधी सुरू झालं, कोणत्या तारखेला संपणार, पर्यायी रस्ता कुठला, ठेकेदाराचा आणि अभियंत्याचा फोन कोणता, हे लिहावं. दिलगिरीत तारीख नसेल तर ती कुणाच्याच उपयोगाची नाही.

घराच्या दारातही हीच कसोटी लावावी. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर म्हणजे 14.2 किलो गॅस आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाची टाकी, मिळून 30 किलोच्या आसपास. तो खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ ही पाटी दाखवणाऱ्या सोसायट्या आहेत. कारण विचारलं तर स्वच्छतेचं देतात, पण चिखलाचे बूट घातलेल्या सभासदाला ते कुणी ऐकवत नाही. ही पाटी काढायलाच हवी. सोसायटीच्या सभेत ठराव करून काढावी, म्हणजे वॉचमनवर जबाबदारी पडत नाही. पार्सल मागवणाऱ्यानेही पत्त्यात विंग, मजला, कुठल्या गेटने आत यायचं हे लिहावं, फोन जवळ ठेवावा, ओटीपी तयार ठेवावा. मे महिन्यात पाणी विचारावं, आणि ते घरच्यांच्याच पेल्यातून द्यावं. कामाला येणाऱ्या मावशींसाठी वेगळा कप फळीच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला असतो, तो बघून 1779 चा हुकूम अजून पुरता मागे घेतलेला नाही असं वाटतं.

आता पुन्हा खिडकीकडे. आतल्या कर्मचाऱ्याला शिस्तीचे धडे देऊन भागणार नाही, कारण तोही वरून हेच झेलत असतो. अधिकारी त्याला बेल वाजवून बोलावतात, आडनावाने ‘इकडे ये’ म्हणतात, चार माणसांदेखत झापतात, सुट्टीच्या दिवशी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर काम टाकतात. त्याला जे मिळतं तेच तो खिडकीतून बाहेर देतो. म्हणून सुरुवात केबिनमधून व्हावी: हाताखालच्या प्रत्येकाला ‘अहो’, चूक दाखवायची ती दार लावून, आणि रजेच्या अर्जावर त्याच दिवशी उत्तर.

आणि त्यानंतर ती खिडकीच काढावी. कित्येक कार्यालयांत जाळीला किंवा काचेला कमरेच्या उंचीवर एक भोक असतं. बाहेरच्या माणसाला बोलायचं तर कमरेत वाकून तोंड त्या भोकाशी न्यावं लागतं. आत बसलेल्याला त्याचा फक्त हात आणि कागद दिसतो, चेहरा दिसत नाही. त्या जागी साधं 75 सेंटीमीटर उंचीचं टेबल ठेवलं आणि दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या खुर्च्या ठेवल्या, आतल्या माणसाच्या नावाची पट्टी दर्शनी लावली, तर ‘काय आहे?’ च्या आधी ‘बसा’ हा शब्द तोंडात येतो, कारण समोर रिकामी खुर्ची दिसत असते.